कीटकांचे रंग आणि शेतकऱ्याची दृष्टि

धानाच्या बांधींत उतरणाऱ्या शेतकऱ्याच्या नजरेस जे किडे प्रथम पडतात, ते पुष्कळदां त्याच्या पिकाचे शत्रू नसतात. आणि जे खरे शत्रू, ते डोळ्यांसमोर असूनहि दिसत नाहींत. हें विधान वाचकांस विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु कीटकांच्या अंगावरील रंगांचें प्रयोजन काय, याचा थोडा विचार केला असतां त्यांतील कारण ध्यानांत येईल, आणि फवारणीचा पंप पाठीस लावण्यापूर्वीं आपण काय पाहिलें पाहिजे, हेंहि कळून येईल. या लेखांत आम्ही तोच विचार करणार आहों, व उदाहरणें शक्य तों आपल्या गोंदिया जिल्ह्यांतील बांध्या, बोड्या व रानें यांतूनच घेणार आहों. शाळेच्या पुस्तकांतून या विषयाचें उदाहरण म्हणून इंग्लंडांतील काजळलेल्या झाडांवरील पतंगाची कथा हटकून दिलेली असते. ती खरी आहे. पण ज्याच्या घरच्या पडवींत रोज संध्याकाळीं तितकेंच सरस उदाहरण उडत येतें, त्यानें इंग्लंडापर्यंत जाण्याचें कारण नाहीं.

कीटकांस खाणारे प्राणी अनेक आहेत. नांगरामागें चालणारा बगळा, तारेवरून झेप घालणारा कोतवाल, साळुंकी, वेडा राघू, सरडा, बेडूक, कोळी, हे सर्व किड्यांवरच जगतात. यांपैकीं पक्षी तर मुख्यतः डोळ्यांनींच शिकार करतात, आणि त्यांची दृष्टि मनुष्याच्या दृष्टीहून तीक्ष्ण असते. तेव्हां जो किडा सहज दिसतो तो मारला जातो, जो दिसत नाहीं तो वांचतो व त्याचीच संतति पुढें वाढते. असें लक्षावधि पिढ्या चालल्यामुळें आज किडे भोंवतालच्या पानाफुलांशीं इतके मिळून गेलेले दिसतात. किडा स्वतः विचार करून रंग धारण करतो असें मात्र समजूं नये. जो रंग जुळला नाहीं तो पक्ष्याच्या पोटांत गेला, इतकाच याचा अर्थ होय.

हें नुसतें अनुमान नव्हे. पुढचे पाय जोडून बसणारा जो लांबट किडा आपण पाहतों, ज्यास प्रार्थनाकीटक म्हणतात, त्यावर इटली देशांत दि चेस्नोला नांवाच्या संशोधकानें केलेला एक साधा प्रयोग १९०४ सालीं प्रसिद्ध झाला. या किड्यांत कांहीं हिरवे व कांहीं तपकिरी असतात. त्यानें ते दोऱ्यानें बांधून कांहीं हिरव्या गवतांत व कांहीं वाळलेल्या गवतांत ठेविले. ज्यांचा रंग गवताशीं जुळत होता ते सतरा दिवसांनंतरहि जिवंत होते. वाळल्या गवतांत बांधलेल्या २५ हिरव्या किड्यांपैकीं मात्र एकहि उरला नाहीं. आपल्या बांधींतील नाकतोडा धानाच्या पानासारखाच हिरवा कां, याचें उत्तर या प्रयोगांत आहे. हरभऱ्यावरील घाटेअळी तर एकाच शेतांत हिरवी, पिवळसर, तपकिरी, गुलाबीसर अशी अनेक रंगांची सांपडते. ती पिकाच्या ज्या भागावर पोसली त्यावर तिचा रंग पुष्कळ अंशीं अवलंबून असतो. घाट्यांत अर्धें अंग खुपसून बसलेली हिरवी अळी चार हातांवरून दिसत नाहीं, व शेतकरी घाटे पोकळ निघाल्यावर बियाण्यास दोष देतो.

लिंबाच्या झाडावरील अळीचा प्रकार याहून चमत्कारिक आहे. लहान असतांना ही अळी काळपट तपकिरी असून तिच्या अंगावर पांढरे डाग असतात, व ती पानाच्या वरच्या बाजूस उघडी बसते. पाहणारास ती पक्ष्याची विष्ठा वाटते, आणि पक्षी तिच्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. पुढें ती मोठी झाली म्हणजे विष्ठेचें सोंग शोभत नाहीं. बोटाएवढी विष्ठा कोणत्या चिमणीची? तेव्हां कात टाकतांच ती एकदम हिरवी होते व पानांत मिळून जाते. इतकेंहि करून कोणी तिला डिवचलेंच, तर मानेजवळून नारिंगी रंगाचीं दोन मऊ शिंगें बाहेर काढते व उग्र वास सोडते. पुढें तिचा कोश होतो तोहि हिरव्या डहाळीवर हिरवा व वाळल्या काटकीवर तपकिरी असूं शकतो. महाराष्ट्रानें २०१५ सालीं ज्यास राज्य फुलपाखराचा मान दिला, तें मोठें निळें-काळें फुलपाखरूंहि याच कुळांतील असून त्याची अळीसुद्धां लिंबाच्याच जातीच्या झाडांवर पोसते.

आतां पडवींत येणाऱ्या उदाहरणाकडे वळूं. धानाच्या पानांवर कधीं कधीं डोक्यावर दोन शिंगें असलेली एक हिरवी लांबट अळी आढळते. तिचा उपद्रव सहसा थोडाच असतो, म्हणून तिच्याकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. या अळीचें जें फुलपाखरूं होतें तें मातकट तपकिरी रंगाचें असून दिवसभर झाडाखालच्या पाल्यांत बसून राहतें, आणि दिवेलागणीस उडूं लागतें. घरांत दिव्याकडे येणारें तपकिरी फुलपाखरूं बहुधा हेंच. याला दोन वेष आहेत. पावसाळ्यांत निपजणाऱ्या फुलपाखरांच्या पंखांच्या खालच्या बाजूस, कडेच्या जवळ, गोल डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग स्पष्ट असते. पाऊस संपून रानें वाळूं लागलीं म्हणजे जीं निपजतात, त्यांच्या पंखांवरील हे डोळे जवळजवळ नाहींसे होतात, पंखांची कड अधिक टोंकदार होते, व सर्व पंख हुबेहूब वाळलेल्या पानासारखा दिसतो. त्यावर पानाची मधली शीर असावी तशी रेघ असते, कुजक्या डागांसारखे डागहि असतात. शिवाय या उन्हाळी वेषांत एक फुलपाखरूं दुसऱ्यासारखें क्वचित् असतें. कोणी पिवळट, कोणी तांबूस, कोणी राखी. एका प्रकारचें पान म्हणजे फुलपाखरूं, असें पक्ष्यानें एकदां ओळखलें तरी पुढच्यास तें ज्ञान लागू पडत नाहीं.

एकाच जातीस दोन वेष कशाकरितां? पावसाळ्यांत सर्वत्र हिरवें असतां वाळल्या पानाचें सोंग घेऊन उपयोग नाहीं. शिवाय त्या दिवसांत फुलपाखरास जोडीदार शोधणें, अंडीं घालणें यांकरितां सारखें हिंडावें लागतें. हिंडणारा किडा दिसणारच. मग दिसण्यांत जितका बचाव साधेल तितका साधावा, हा हिशेब. पक्षी किंवा प्रार्थनाकीटक भक्ष्याच्या डोक्यावर घाव घालूं पाहतो. पंखाच्या कडेवरील खोटे डोळे तो घाव कडेकडे ओढून घेतात. पंखाचा तुकडा जातो, जीव वांचतो. आफ्रिकेंतील याच कुळांतील एका लहान फुलपाखरावर प्रयोग झाले, व त्यांचे निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत प्रार्थनाकीटकानें पावसाळी वेषाच्या फुलपाखरांच्या पंखांवरील ठिपक्यांवर घाव घातले व तीं निसटून गेलीं, असें आढळलें. उन्हाळ्यांत उलट स्थिति असते. खावयास थोडें, अंडीं घालण्यास हिरवें गवत नाहीं. म्हणून पाल्यांत निश्चल बसून दिवस काढावयाचे असतात, आणि निश्चल बसणाऱ्यास वाळल्या पानाचा वेष सर्वांत चांगला. अळी असतांना जें हवामान, विशेषतः जी उष्णता अंगास लागली, तीवरून पुढचा वेष ठरतो. वाचकांनीं भाद्रपदांत एक व माघांत एक अशीं दोन फुलपाखरें पाहून ताडून पाहावींत.

येथपर्यंत लपण्याचे रंग झाले. परंतु सर्वच किडे लपत नाहींत. बांधावरच्या रुईकडे पाहा. तेथें निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा एक मोठा टोळ अगदीं उघड्यावर, सुस्तपणें पान खात बसलेला असतो. तीन हातांवर धानांत त्याचाच भाऊबंद नाकतोडा पानामागें सरकून लपतो, आणि हा मात्र हात लावीपर्यंत हलत नाहीं. कारण रुईच्या चिकांतील विष याच्या अंगांत भिनलेलें असतें, व पिल्लूं असतांना दाबलें तर तें दुर्गंधि द्रवाची चिळकांडी उडवितें. त्याचे रंग म्हणजे दारावर लाविलेली पाटीच होय.

या भडक रंगांचा उलगडा प्रथम वॉलेसनें केला. कित्येक अळ्या भडक रंगाच्या असतात याचें कारण डार्विनास सुचेना. पाखरांचा भडकपणा जोडीदारास मोहविण्यासाठीं म्हणावा, तर अळीस जोडीदार कोठला? १८६७ सालीं त्यानें वॉलेसला विचारलें. वॉलेसनें उत्तर दिलें कीं, अशा अळ्या चवीस वाईट किंवा विषारी असाव्यात, आणि पक्ष्यानें त्यांस चुकूनहि चोंच मारूं नये म्हणून त्या ठळक दिसणें त्यांच्याच हिताचें असावें. अळीची कातडी नाजूक असते. एकदां चोंच लागल्यावर, पक्ष्यानें ती थुंकून टाकली तरी ती मेलीच. १८६९ सालीं जेनर वियर नांवाच्या गृहस्थानें पाळलेल्या पक्ष्यांपुढें निरनिराळ्या अळ्या टाकून पाहिल्या, तेव्हां पक्ष्यांनीं भडक अळ्या टाळल्या व हिरव्या-तपकिरी खाल्ल्या. पुढें १८७८ सालीं फ्रिट्झ म्यूलर यानें आणखी एक गोष्ट दाखविली. पक्ष्यास प्रत्येक वाईट चव स्वतः घेऊनच शिकावें लागतें, व त्या शिक्षणांत कांहीं किडे बळी पडतात. पण अनेक विषारी जातींनीं एकच पोषाख घेतला तर तो खर्च सर्वांत वांटला जातो. तांबडा, पिवळा आणि काळा हे तीनच रंग इशाऱ्यासाठीं पुन्हां पुन्हां कां दिसतात, त्याचें हें एक मोठें कारण आहे.

शेतकऱ्याच्या हिताचा प्रश्न येथूनच सुरू होतो. लाखोळीवर किंवा मोहरीवर मावा पडला कीं तांबड्या-नारिंगी पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे वाटोळे भुंगेरे येतात. यांस ढालकिडा किंवा चित्रांग भुंगेरा म्हणतात. यास चिमटींत धरलें तर गुडघ्यांच्या सांध्यांतून पिवळा कडू द्रव सोडतो. त्याचा रंग हा त्या कडूपणाची जाहिरात आहे. हा मावा खातो, आणि याची अळी त्याहून अधाशीपणें खाते. ही अळी काळपट, लांबट, सुसरीच्या आकाराची, अंगावर नारिंगी डाग असलेली असते; ती पाहून कोणासहि किळस यावी. पुष्कळ शेतकरी हीच मुख्य कीड समजून हिच्यासाठीं औषध आणतात! मावा पानाच्या रंगाचा असल्यामुळें लक्षांत येत नाहीं, आणि त्यास संपविणारी अळी ठळक दिसते, म्हणून शिक्षा तिला होते.

तांबडें तें सर्व मित्र, असाहि उलट नियम करूं नये. वांग्याच्या व कारल्याच्या पानांची चाळणी करणारा भुंगेरा ढालकिड्याच्याच कुळांतील आहे. त्याची पाठ चकचकीत नसून बारीक लव असल्यामुळें मंद दिसते, ठिपके पुष्कळ, बहुधा अठ्ठावीस असतात, व त्याची अळी पिवळी असून तिच्या अंगावर फांद्या फुटलेले कांटे असतात. तो पान खातो, मावा नव्हे. तसाच तुरीच्या व मुगाच्या फुलांवर बसणारा काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा मोठा भुंगेरा. याच्या रक्तानें कातडीवर फोड येतात. पूर्वीं वैद्यकांत याच जातीच्या भुंगेऱ्यांची फोड आणणारी पट्टी करीत. तो फुलें खातो हें खरें, परंतु त्याची अळी जमिनींत राहून टोळांचीं व नाकतोड्यांचीं अंडीं खाते. अशा किड्याचा हिशेब एका रकान्यांत मांडतां येत नाहीं. थोडे असतील तर राहूं द्यावे, तूर फुलोऱ्यांत असतां फारच माजले तर सकाळीं जाळींत धरून नष्ट करावे, असें आमचें मत आहे. हातास मात्र कापड गुंडाळावें.

धानाच्या बांधींतहि असाच एक किडा आहे, त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. मुंगीपेक्षां थोडा मोठा, लांबट, डोकें काळें, मान व पोट नारिंगी, मधला भाग निळसर काळा, असा हा भुंगेरा धानाच्या पानांवर भरभर धांवतो व रात्रीं दिव्यावर येतो. अंगावर चिरडला तर त्या जागीं आग होऊन दुसऱ्या दिवशीं फोड येतात. पुष्कळ लोक त्यास कोळ्यानें मुतल्याचें समजतात. हें विष त्या किड्याच्या शरीरांत राहणारे सूक्ष्म जंतू तयार करतात, असें आतां सिद्ध झालें आहे. पण हाच किडा तुडतुड्यांचा व लहान अळ्यांचा भक्षक आहे. तो अंगावर बसला तर चिरडूं नये, फुंकर मारून उडवावा, आणि बांधींत दिसला तर समाधान मानावें.

विषारी किड्यांचा पोषाख पाहून बिनविषारी किडे त्यांचें सोंग घेतात, हा या शास्त्रांतील सर्वांत मनोरंजक भाग होय. हेन्री बेट्स यानें अमेझॉन नदीच्या रानांत अकरा वर्षें घालवून १८६२ सालीं हा प्रकार जगापुढें मांडला. आपल्याकडे रुईवर वाढणारें नारिंगी फुलपाखरूं सर्वांच्या ओळखीचें आहे. तें विषाच्या जोरावर सावकाश, निर्धास्त उडतें. घोळीच्या भाजीवर वाढणारें एक दुसरें फुलपाखरूं आहे, त्याचा नर काळा असून पंखांवर पांढरे मोठे ठिपके असतात. पण मादी मात्र थेट रुईवरच्या फुलपाखरासारखी नारिंगी! अंडीं घालण्यासाठीं तिला जमिनीलगत रेंगाळावें लागतें, म्हणून सोंगाची गरज तिलाच अधिक. लिंबावरील एका काळ्या फुलपाखराच्या माद्या तर तीन वेषांत येतात: एक नरासारखी, व दोन सापसणीच्या वेलीवर वाढणाऱ्या दोन विषारी फुलपाखरांसारख्या. एका आईच्या पोटीं असे भिन्न वेष कसे निघतात, हें कोडें शंभर वर्षांहून अधिक काळ होतें. कृष्णमेघ कुंटे व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं दाखविलें कीं, हा सर्व पालट एकाच जनुकाच्या भिन्न रूपांवर चालतो. सोंगाडे फार झाले व खरे विषारी थोडे उरले, तर पक्षी फसत नाहींत. म्हणून सोंगाची भरभराट खऱ्याच्या भरभराटीवर अवलंबून असते. बांधावरची सापसण व रुई उपटून टाकणारास ही गोष्ट ठाऊक नसते.

रानाचें एक उदाहरण राहिलें. ऐन व अर्जुन यांच्या झाडांवर आपल्याकडील ढिवर बंधू कोशाचे किडे पोसतात. या भागांतील किड्यांचा वाण भंडारा याच नांवानें ओळखला जातो, कारण १९९९ पर्यंत गोंदिया भंडारा जिल्ह्यांतच होता. अळी जन्मतः तपकिरी पिवळट असते व कात टाकल्यावर पानासारखी हिरवी होते. तरीहि कावळे, गांधीलमाशा व मुंग्या तिला सोडीत नाहींत, व राखणदारास दिवसभर झाडाखालीं बसावें लागतें. कोसा दांडीनें फांदीस लोंबतो तो एखाद्या फळासारखा दिसतो. त्यांतून निघणाऱ्या मोठ्या पतंगास खाण्याचें तोंडच नसतें; चार पंखांवर चार गोल पारदर्शक डोळे मात्र असतात. अशा डोळ्यांचा उपयोग काय, हें ब्लेस्ट यानें १९५७ सालीं पाहिलें. पक्षी खावयास येतांच अकस्मात् डोळ्यांसारखीं वर्तुळें दाखविलीं, तर तो दचकून मागें सरतो, असें त्यास आढळलें. ऐनाच्या रानालगतच्या बांधींत औषध मारतांना वाऱ्याची दिशा पाहावी, इतकी विनंती येथें करणें आम्हांस प्राप्त आहे. हिरव्या रंगानें चोंच चुकते, औषधाचा तुषार चुकत नाहीं.

आतां धानाकडे परत येऊं. आपल्या धानाचा मोठा शत्रू जो तपकिरी तुडतुडा, तो रंगानें व त्याहूनहि जागेनें लपतो. तो पाण्याच्या वर चार बोटें, चुडाच्या बुडाशीं, जुनाट वाळक्या पानांच्या आवरणांत राहतो. बांधावर उभें राहून पाहणारास वरचीं हिरवीं पानें, त्यांवर धांवणारे कोळी व रंगीत भुंगेरे दिसतात. तो घाबरून औषध मारतो. औषध वरच्या थरांतच राहतें, तेथील कोळी, ढालकिडे व तुडतुड्यांचीं अंडीं खाणारा हिरवट-काळा बारीक ढेकूण हे मरतात. खालीं तुडतुडा सुरक्षित राहतो, व त्यास खाणारे कोणी न उरल्यामुळें अधिकच माजतो. मग आश्विनांत गोल गोल खळीं पडून धान उभ्याउभ्या तणसासारखें वाळतें. इंडोनेशिया देशांत हाच प्रकार इतका वाढला कीं, १९८६ सालीं तेथील राष्ट्राध्यक्षांनीं धानावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी केली.

म्हणून पाहण्याची रीत बदलावी. आठवड्यांतून एकदां बांधीच्या मध्यांत उतरावें, चार-पांच ठिकाणीं चूड हातानें वांकवून बुडाशीं दोन थापा माराव्या, आणि पाण्यावर जे किडे पडतील ते मोजावे. दर चुडास पांच ते दहा तुडतुडे भरले तरच औषधाचा विचार करावा, व त्याच वेळीं कोळी व भक्षक किडे किती पडले हेंहि मोजावें. ते पुष्कळ असतील तर चार दिवस थांबून पुन्हां पाहावें. औषध मारावेंच लागलें तर नळीचें तोंड बुडाकडे धरावें. हरभऱ्याच्या शेतांत एकरीं वीसएक ठिकाणीं इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या काठ्या पिकाहून हातभर उंच रोवाव्या. त्यांवर कोतवाल व साळुंक्या येऊन बसतात, आणि जी हिरवी अळी आपणांस घाट्याजवळ वांकूनहि सांपडत नाहीं, ती त्यांस काठीवरून दिसते. दाणे भरून पक्व होण्याच्या सुमारास मात्र या काठ्या काढून घ्याव्या, नाहींतर दाणे खाणारे पक्षीहि त्यांवर येऊन बसूं लागतात.